मुका मार

गेल्या आषाढात न्हाणीघरात माझा पाय घसरला आणि उजवी कूस मोरीच्या कठड्यावर आदळली. रक्त नाही, फारशी सूजही नाही. ‘मुका मार आहे, जाईल दोन दिवसांत,’ असे सुनेला सांगून मी आंबेहळद उगाळून लावली. प्रत्यक्षात कूस बदलताना, खोकताना, शिंकताना जीव कासावीस होई. म्हणून मी खोकला दाबू लागले, श्वासही अर्धाच घेऊ लागले आणि कोणाला न सांगता जुन्या लुगड्याची पट्टी छातीभोवती आवळली.

चौथ्या दिवशी सून म्हणाली, “आई, तुमचे बोलणे मध्येच तुटते आहे.” ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. डॉक्टरांनी समजावले, की बरगड्यांच्या बारा जोड्यांना जोडणारे स्नायू, अस्थिबंध आणि कूर्चा दुखावल्या तर त्या चित्रात उमटत नाहीत. बारीक चीरही कधी निसटते. हात मोडला तर गळ्यात बांधून ठेवता येतो. बरगडी मात्र दिवसातून वीस हजारांहून अधिक वेळा श्वासाबरोबर हलते. म्हणूनच हे दुखणे काही आठवडे रेंगाळते. मग त्यांनी पट्टी सोडायला लावली. आवळलेल्या छातीत फुप्फुसे पुरती फुलत नाहीत, कफ साचतो आणि उतारवयात त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

ते ऐकताना मला सासूबाई आठवल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्या ओट्यावरून पडल्या, तेव्हा त्यांची छाती मीच घट्ट बांधली होती. आठवड्याने ताप भरला आणि त्या गेल्या. पट्टीमुळेच गेल्या, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. पण त्या खोकत नव्हत्या, याचे मला तेव्हा समाधान वाटले होते.

पुढचे दिवस मी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके वेळेवर घेतली. दुखणे सोसण्यात शौर्य नाही, श्वास मोकळा होणे महत्त्वाचे. जागेपणी दर तासाला दहा दीर्घ श्वास घेतले. खोकताना छातीशी उशी घट्ट धरली. घरातल्या घरात चालत राहिले. सहाव्या आठवड्यात दुखणे ओसरले.

धाप लागणे, ताप, थुंकीतून रक्त, चक्कर, पोटात किंवा खांद्यात कळ यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मार किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना दाखवावे. आणि छातीतली प्रत्येक कळ बरगडीचीच असते असे नाही. मार लागल्याचे आठवत नसेल, कळ हाताकडे वा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर आधी हृदयाचा विचार करून तातडीने रुग्णालय गाठावे.

वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सांगेन: ‘काही नाही’ या आमच्या शब्दांवर विश्वास ठेवू नका. आमचा श्वास पाहा. माझ्या सुनेने तो पाहिला.