गाडीची वही

व्यापारी घरात प्रत्येक गोष्टीचे खाते असते. गुळाच्या रव्याचे, हळदीच्या पोत्याचे, हमालीचे, तोलाईचे, इतकेच काय, दुकानात येणाऱ्या चहाचेही. दुकानाच्या गाडीचे मात्र बहुधा एकच खाते असते आणि त्याचे नाव ‘गाडी खर्च’. त्या एका नावाखाली डिझेल, टायर, मिस्त्रीची मजुरी, विमा, वाटेतला दंड आणि दसऱ्याचा झेंडूचा हार हे सारे एकत्र नांदते. वर्षअखेरीस दिवाणजी बेरीज काढतात, ती मागील वर्षापेक्षा मोठी निघते आणि ‘आता ही गाडी काढून टाकू’ असा विषय घरात निघतो. बेरीज बरोबर असते. पण तिच्यावरून गाडीची प्रकृती काही केल्या कळत नाही.

सांगलीच्या गणपती पेठेतील एका पेढीवर २००९ साली घेतलेली एक डिझेल पिकअप आहे. गूळ, हळद आणि मिरची घेऊन ती आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरते आणि परत येताना नारळ-सुपारी भरून आणते. घरातील थोरल्यांना सारे अण्णा म्हणतात. गाडी चालवणारे गृहस्थ अण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. घरातील मुलांनी त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पेठेभर झाले.

आयकराच्या हिशेबात अशा गाडीवर दरसाल उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. या दराने पाच लाखांना घेतलेली गाडी पंधरा वर्षांनी वहीत चव्वेचाळीस हजारांच्या आसपास उरते. दिवाणजींच्या लेखी ती जवळजवळ संपलेली असते. प्रत्यक्षात मात्र पहाटे पाचला तिच्यावर चाळीस रवे चढलेले असतात. या दोन गोष्टींमधले अंतर भरून काढण्याचे काम मिस्त्री, चालक आणि घरातील जो कोणी लक्ष घालील तो, असे तिघे मिळून करतात.

डिझेल इंजिनाची रीत पेट्रोलच्या इंजिनापेक्षा निराळी आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९०च्या दशकात ते सिद्ध केले, तेव्हा त्याने ठिणगीची गरजच काढून टाकली. हवा सिलिंडरमध्ये मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून उडालेला डिझेलचा बारीक फवारा आपोआप पेट घेतो. अशा इंजिनाला हवा स्वच्छ लागते, डिझेल स्वच्छ लागते आणि दाब शाबूत लागतो. जुन्या गाडीच्या बहुतेक तक्रारी यांपैकी कोठल्या तरी एका ठिकाणी जाऊन पोचतात.

जाणता मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी धूर पाहतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. हवेची जाळी तुंबलेली किंवा नोझल नीट फवारत नसलेले. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा झिजल्या आहेत. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ दिसला तर थंड इंजिनात न जळलेले डिझेल असेल. इंजिन तापल्यावरही तो राहिला आणि रेडिएटरचे पाणी उतरत असेल, तर हेड गॅसकेटकडे पाहावे लागते. इंजिनातील ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते म्हणून पुष्कळ मालक मिस्त्रीवर संशय घेतात. तसा संशय घेण्याचे कारण नाही. डिझेलची काजळी स्वतःत धरून ठेवणे हेच त्या ऑइलचे काम असते आणि ते काळे होणे ही काम चालू असल्याची खूण आहे.

पंप आणि नोझल हे या इंजिनाचे नाजूक अवयव. त्यांच्या आतील भागांमध्ये इतकी कमी जागा असते की डिझेलमधील पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कण त्यांना पुरेसा होतो. म्हणून डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी अधूनमधून काढावे लागते. मामा संध्याकाळी परत आल्यावर टाकी भरून ठेवतात, सकाळी निघताना नव्हे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर थंड झाली की आतील हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि तिचे पाणी डिझेलच्या तळाशी जाते. हे मामांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. त्यांच्या पहिल्या मालकाच्या मिस्त्रीने शिवी देऊन शिकवले होते.

याच टाकीवरून २०१६ साली पेढीवर एक अवघड महिना गेला. गाडीचा अ‍ॅव्हरेज लिटरला तेरा किलोमीटर असायचा, तो अकराच्या आत आला. महिन्याला दीड हजार किलोमीटर धरले, तर पूर्वी ११५ लिटर पुरायचे तेथे १३६ लिटर लागू लागले. एकवीस लिटरचा फरक व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. आणि खरे सांगायचे तर अशा वेळी मालकाचे मन आधी इंजिनाकडे जात नाही, माणसाकडे जाते. अण्णांनी उघड काही विचारले नाही. डिझेलच्या पावत्या दिवाणजींकडे न देता आपल्याकडे द्यायला सांगितल्या. दोन फेऱ्यांना धाकट्या मुलाला सोबत पाठवले. गाडीची किल्ली, जी इतकी वर्षे मामांच्या खिळ्यावर असायची, ती रात्री गल्ल्यात राहू लागली. मामांना समजायचे ते समजले. त्यांनी दुकानातील चहा घेणे बंद केले; मागितला तर, ‘आत्ताच झाला’ एवढे म्हणत.

धाकटा सोबत गेला तरी अ‍ॅव्हरेज अकराच निघाला. तेव्हा गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने जाळी पाहिली, धूर पाहिला, दोन्हींत विशेष काही नव्हते. मग तो गाडी स्वतः माधवनगरपर्यंत नेऊन आला आणि उतरल्याबरोबर चारी चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागचे डावे चाक इतके तापले होते की ड्रमवर पाण्याचे थेंब टाकताच ते चर्र करून उडाले. हँडब्रेकची केबल गंजून आतल्या आत अडकली होती. दांडा खाली केला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. महिनाभर गाडी स्वतःचाच पाय ओढत चालली होती. ‘मागनं कायतरी धरतंय, अण्णा’ असे मामा पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. पण त्या वेळी ते वाक्य सबब वाटले होते.

केबल काही शे रुपयांत बदलली. त्या दिवशी कोणी कोणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली पुन्हा खिळ्यावर होती आणि चहाचा पेला अण्णांनी स्वतः उचलून मामांपुढे ठेवला. मामांनी तो घेतला. व्यापारात अशा गोष्टींची भरपाई बहुधा इतपतच होते आणि ती पुरेशी असते असे कोणी समजू नये.

घरातील धाकटी सून पेढीचे संगणकाचे काम पाहते. तिने त्याच आठवड्यात शंभर पानी एक वही आणली आणि किल्लीच्या शेजारी दोऱ्याने टांगली. तारीख, किलोमीटर, टाकी गळ्यापर्यंत भरताना लागलेले लिटर, काय दुरुस्त केले, काय बदलले, असे रकाने आखले आणि शेवटी एक रुंद रकाना ठेवला: ‘मामांचे म्हणणे’. अण्णा या रकान्याला हसले होते. आज ती तिसरी वही चालू आहे आणि मिस्त्री आधी तोच रकाना वाचतो. ‘सकाळी दुसऱ्या सेल्फला सुरू.’ ‘तिसऱ्यात आवाज.’ ‘वळताना उजवीकडे कट्कट.’ दुखणे गाडीला होते, तरी ते पायाला, कानाला आणि पाठीला आधी कळते. आणि रोज गाडीत बसणाऱ्याचे पाय, कान, पाठ दुसऱ्या कोणाजवळ नसतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गणपती पेठेत शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. माल वर चढवण्याच्या धावपळीत गाडी मागच्या बोळात राहिली आणि आसनापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर धाकट्याने चिखल पुसून किल्ली लावायला हात पुढे केला, तो मामांनी धरला. पाण्याखाली राहिलेली डिझेल गाडी किल्ली फिरवून पाहण्याची उत्सुकता हजारो रुपयांची ठरू शकते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर गेला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग अख्खे इंजिन उतरवावे लागते.

मिस्त्रीने आधी बॅटरीच्या तारा सोडल्या. हवेची जाळी काढली, ती भिजून लगदा झाली होती. नोझल उतरवून पुढची पुली पान्याने हाताने फिरवली, तेव्हा सिलिंडरमधून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. चेंबरचा बोल्ट सोडताच प्रथम पाणी आले, नंतर ऑइल, कारण पाणी जड म्हणून तळाला बसते. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधील ऑइल दुधाळ चहासारखे झाले होते. डिझेलची टाकी रिकामी करून धुतली, स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून वाळवले, चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस पूर्ण काढून नवे भरले. पहिले नवे ऑइल थोडा वेळ इंजिन चालवून टाकून दिले आणि पुन्हा नवे घातले. हे शेवटचे काम खर्चाच्या भीतीने वगळले जाते आणि नेमके तेच वगळू नये. बाराव्या दिवशी गाडी सुरू झाली. पेठेतील दुसऱ्या एका दुकानाची याहून नवी गाडी पाणी ओसरल्या दिवशीच ढकलून सुरू करण्यात आली होती. ती नंतर भंगारात गेली.

पूर, मिस्त्री, नोझल या गोष्टी खर्चाच्या आहेत. भाराची गोष्ट त्याहून निराळी. ३० किलोचे चाळीस रवे म्हणजे बाराशे किलो. सणाच्या तोंडावर गिऱ्हाईक आणखी दहा मागते आणि हौद्यात जागा दिसते. जागा असली म्हणजे ताकद असते असा एक गैरसमज आपल्या व्यापारात मुरलेला आहे. वाढीव तीनशे किलो पाटे सोसतात, टायर सोसतात, चढावर इंजिनही कुरकुरत सोसते. उतारावर मात्र ते वजन ब्रेकलाच अडवावे लागते आणि अडवलेल्या वजनाची सारी उष्णता ड्रममध्ये साठते. घाट चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरात उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण याचसाठी आहे. डिझेल वाचवण्याकरिता न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आंब्याहून साखरप्याकडे उतरताना आजही भेटतात.

गेल्या पावसाळ्यात वहीच्या शेवटच्या रकान्यात दोन शब्द आले: ‘ब्रेक जड.’ ब्रेकचे पायडल जड होणे आणि खाली बसणे हे दोन वेगळे रोग आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते वर्षानुवर्षे बदलले नाही तर घाटातल्या उष्णतेने त्यातले पाणी उकळते आणि पायडल पायाखाली बसते. जड पायडल म्हणजे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम कमी पडतो आहे. या गाडीत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेल्या लहान पंपातून येतो आणि त्या पंपापासून निघणाऱ्या रबरी नळीला बोटभर चीर गेली होती. नळी किरकोळ किमतीची. परंतु त्या चिरेनिशी भरलेली गाडी दोनदा घाट उतरली होती, हे वहीतील तारखांवरून सर्वांच्या ध्यानात आले आणि त्या रात्री घरात बराच वेळ कोणी टीव्ही लावला नाही.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल पासिंग करून घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील अशा गाड्यांचे शुल्क बरेच वाढले आहे. धाकट्याचे म्हणणे असे की आता गाडी रीतसर मोडीत द्यावी आणि नवी घ्यावी. अण्णांचे म्हणणे असे की इंजिन चांगले आहे, नव्या गाडीचा हप्ता दरमहा चुकत नाही आणि जुन्या गाडीचा खर्च चार महिने येतही नाही. दोघांचेही हिशेब बरोबर होते. सुनेने तिन्ही वह्या मांडून फक्त शेवटचा रकाना वाचून दाखवला. पहिल्या वहीत तो बहुतेक रिकामा होता; तिसऱ्या वहीत एकही पान कोरे नव्हते.

मग अण्णांनी मामांना बोलावून विचारले, ‘तुमचा मुलगा असता तर यातनं घाट उतरू दिला असता का?’

मामा थोडे थांबले. ‘अर्ध्या मालावर, दिवसाउजेडी, होय,’ ते म्हणाले. ‘पावसात नाही, अण्णा.’

तूर्त रत्नागिरीची फेरी भाड्याच्या गाडीने होते. जुनी पिकअप मार्केट यार्ड ते गोदाम एवढेच चालते आणि तीस रव्यांवर एकही रवा चढवायचा नाही, हे हमालांनाही सांगून ठेवले आहे. पुढचे पासिंग फेब्रुवारीत आहे. तोवर मागचे दोन पाटे बदलायचे ठरले असून, मिस्त्रीने त्यांची मापे वहीत लिहून दिली आहेत.