विसाव्याच्या शोधांत

प्रवासाचीं वर्णनें लिहिणारे गृहस्थ काय पाहिलें तें सविस्तर सांगतात. पण पाहतां पाहतां कोठें टेकले, हें सांगण्याचें त्यांस सुचत नाहीं. तरुणपणीं आम्हांसही तें कधीं सुचलें नव्हतें. गेल्या धनुर्मासांत घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना घेऊन आम्ही कोल्हापुराजवळच्या कणेरी मठास जाऊन आलों, तेव्हांपासून मात्र कोणतेंही स्थळ पाहावयास निघण्यापूर्वीं आमचा पहिला प्रश्न हाच असतो कीं, तेथें बसावयास कोठें मिळेल?

मूळ बेत कणेरीचा नव्हता. आमचा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. त्याचीं दोन मुलें नाताळच्या सुटींत कडेगांवीं आलीं तीं खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा हट्ट धरूनच. २०१३ सालीं सुरू झालेलें हें क्रीडोद्यान मुलांनीं चित्रांतून इतकें पाहिलें होतें कीं, कोणता पाळणा माणसास कसा उलटा करतो याचें त्यांनीं आम्हांस साग्र व्याख्यान दिलें. तें ऐकून दादांनीं जाहीर केलें, "आम्ही घर राखतों." दादा म्हणजे आमचे वडील बंधु, वय अठ्ठ्याहत्तर. आमची आत्या शहाऐंशींची. बालपणीं लग्न होऊन गेलेली, पुढें दुर्दैवानें माहेरीं परत आलेली, आणि तेव्हांपासून आमचें सर्वांचें बालपण जिच्या हातून गेलें ती. या दोघांस घरीं ठेवून बाकीच्यांनीं मौजेस जावें, हें कांहीं आमच्या मनास येईना.

या जातीच्या उद्यानांची जन्मकथा मोठी मौजेची आहे. वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कांतील फिरत्या घोड्यांवर बसवीत आणि स्वतः बाकावर बसून राहत. मुलांनीं रमावें आणि बापानें कंटाळावें असें कां? लहानथोरांस एकत्र रमतां येईल असें एखादें स्थळ कां असूं नये? हा विचार त्या बाकावर आपल्या मनांत आला, असें ते स्वतःच सांगत. पुढें १९५५ च्या जुलै महिन्यांत अ‍ॅनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें. म्हणजे एवढ्या मोठ्या व्यापाचें मूळ एका बाकांत आहे! ही हकीकत आम्हीं मुलांना सांगितली, तेव्हां थोरला चटकन् म्हणाला, "मग आजोबांना आवडेल असंच कांहींतरी बघूं या." अशा रीतीनें कणेरी ठरली. आत्यानें मात्र आपली अट आधींच घातली. "तुमचे पुतळे बघा हवे तेवढे, पण येतांना मला अंबाबाईचं दर्शन घडलं पाहिजे. आतां पुन्हां काय मी येतें?"

मास्तरकी सुटली तरी तासिकांची सवय सुटत नाहीं. आम्हीं वहींत लिहिलें: सातला प्रस्थान, साडेदहाला कणेरी, दीडला भोजन, चारला अंबाबाई, रात्रीं आठला घर. विश्रांतीची तासिका वहींत नव्हती. पुतण्यानें चाकांची खुर्ची बरोबर घेण्याचें सुचविलें होतें, त्यावर आत्या म्हणाली, "मी अजून स्वयंपाकघरांत उभी राहतें रे!" आणि तो विषय तेथेंच मिटला. तिचा शब्द आम्हीं शब्दशः घेतला, ही आमची पहिली चूक.

भाड्याची मोटार वेळेवर आली. टेंभूच्या योजनेचें पाणी खेळूं लागल्यापासून आमच्या दुष्काळी तालुक्याचें रूप पालटलें आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंचा ऊस पाहून दादा प्रसन्न होते. कऱ्हाडास महामार्ग लागला. कासेगांव, पेठ नाका, किणी हीं मागें पडलीं. वाटेंत चहासाठीं थांबलों, तेव्हां आत्यानें चहा घेतला नाहीं, पाणीही घेतलें नाहीं. "तहान नाहीं," म्हणाली. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि पुढें निघालों.

कणेरी कोल्हापुराच्या दक्षिणेस, गोकुळ शिरगांवाहून आंत आहे. काडसिद्धेश्वरांचा हा मठ प्राचीन. त्याच्या परिसरांत सुमारें सात एकर जागेवर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय उभें आहे. यंत्रें येण्यापूर्वींचें, आपल्या गरजा आपणच भागविणारें खेडें येथें पुतळ्यांच्या रूपानें मांडलें आहे. आरंभीं एक कृत्रिम गुहा असून तींत प्राचीन ऋषींच्या व शास्त्रकारांच्या मूर्ती आहेत. नंतर उघड्यावर गांव लागतें: कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, सोनार आपापल्या कामांत गढलेले, विहिरीवर मोट, अंगणांत बायका. सुरकुत्या, पागोट्यांच्या घड्या, बैलांच्या पाठीवरचीं हाडें इतकीं हुबेहूब कीं, धाकटीनें एका कुत्र्याला भीत भीत हात लावून पाहिला.

गुहेंत पतंजलींच्या मूर्तीपुढें आम्हीं नातवंडांना थोडें योगशास्त्र सांगूं लागलों. आसन म्हटलें कीं लोकांस हातपाय मुरडणें आठवतें. परंतु सूत्रकारानें आसनाचें लक्षण करतांना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या आहेत. हें आम्ही उभ्यानें सांगत होतों, आणि आत्या उभ्यानें ऐकत होती. त्यांतील विसंगति त्या वेळीं ध्यानांत आली नाहीं.

बाहेर आल्यावर दादांना आपलें बालपणच सांपडलें. मोटेपाशीं ते बराच वेळ थांबले. मोटेचा नाडा, बैलांची धाव, पाणी थारोळ्यांत पडतांना होणारा आवाज, सारें त्यांनीं मुलांस समजावून दिलें. पुढें एका झाडाखालीं सिमेंटच्या म्हाताऱ्यांची बैठक जमली होती. दादा काठीवर भार देऊन तिच्यापुढें उभे राहिले आणि त्यांतल्या एकास म्हणाले, "काय हो, जरा सरकतां का?" मुलें हंसलीं, आम्हीही हंसलों. दादा थट्टा करीत नव्हते, हें आतां कळतें.

चालण्यानें जितका शीण येत नाहीं तितका दोन पावलें चालून उभें राहण्यानें येतो. घरांतून देवळापर्यंत मैलभर जाणारें वृद्ध माणूस प्रदर्शनांत अर्ध्या तासांत गळून जातें. चालतांना पोटऱ्यांचे स्नायु रक्त वर लोटीत असतात. स्तब्ध उभें राहिलें कीं तें पायांत साचूं लागतें आणि डोकें हलकें होतें. बोस्टनच्या कलासंग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन गिलमन यांनीं संग्रहालयांत येणाऱ्या या थकव्यावर १९१६ सालींच निबंध लिहिला. मांडलेल्या वस्तु नीट दिसाव्यात म्हणून माणसास किती वांकावें आणि ताणावें लागतें, याचीं छायाचित्रेंही त्यांनीं दिलीं. म्हणजे हा थकवा वयाचा दोष नव्हे. तरुणासही तो येतो. त्यास कळण्यापूर्वीं तो उपाहारगृहांत जाऊन बसलेला असतो, एवढेंच.

एका ठिकाणीं बायका जात्यावर दळीत आहेत, असा देखावा लागला. आत्या पुढें झाली. धाकटीस ती सांगूं लागली कीं, खुंटा असा धरायचा, उजव्या हातानें ओढायचं आणि डाव्या हातानें वैरण घालायची; फार घातली तर पीठ जाडं पडतं, थोडी घातली तर दगडावर दगड घासतो. सांगतांना तिचा हात हवेंत गोल फिरत होता. पहाटे चारच्या काळोखांत घरांतल्या अठरा माणसांचें दळण तिनें आणि आमच्या आईनें किती वर्षें दळलें, याचा हिशेब आम्हीं कधीं केला नव्हता. फिरणारा हात एकाएकीं थांबला, आणि तिनें कुंपणाची दोरी पकडली. दोरी कांहीं आधार देणारी वस्तु नव्हे.

आम्ही तिला धरलें. आमच्या घरांतील मंडळी थोरल्याबरोबर पुढें गेली होती. समोर झाडाच्या सांवलींत एक कट्टा होता. त्यावर शेतकरी कुटुंब शिदोरी सोडून बसलें होतें. त्यांतली तरुण बाई लगबगीनें उठली, भाकरीचें फडकें उचललें आणि म्हणाली, "बसा की आजी. कशाला उभं ऱ्हाताय? आमचं काय, आमी हिंडतोयच." आत्या बसली. आम्हीं पाण्याची बाटली पुढें केली. तिनें मान हलविली. आम्ही आग्रह करूं लागलों. त्या बाईनें आमच्याकडे एकवार पाहिलें, आत्याच्या कानाशीं कांहीं विचारलें, आणि आम्हांस म्हणाली, "तुमी थांबा हितं, मास्तर. आजीला मी घिऊन जातो." आम्ही मास्तर हें तिनें कसें ओळखलें, देव जाणे.

परत आल्यावर आत्या तांब्याभर पाणी प्यायली. पहाटेपासून तिनें थेंब घेतला नव्हता. प्रवासांत देहधर्माची सोय कोठें होईल, पुरुषांना गाडी थांबवावयास कसें सांगावें, या संकोचानें तिनें तोंड बांधून घेतलें होतें. असें तिनें आजवर प्रत्येक प्रवासांत केलें असलें पाहिजे. साठ वर्षांत आम्हांस तें कळलें नाहीं, आणि परक्या बाईस एका दृष्टिक्षेपांत कळलें.

आमच्या कडेगांवांत मोहरमला उंचच उंच ताबूत निघतात. हिंदु आणि मुसलमान दोघेही ते उभारतात, आणि त्यांच्या भेटीचा सोहळा पाहावयास चोहोंकडून माणसें लोटतात. त्या दिवशीं रस्त्यांत पाऊल ठेवावयास जागा नसते. पण म्हातारें माणूस दिसलें कीं कोणत्या ना कोणत्या ओट्यावरून हांक येते, "वर या, इथं बसा." बसावयास सांगावें लागतें असें नाहीं, तें आधींच सांगितलें जातें. गांवांत हा धर्म आम्हीही पाळतों. गांवाबाहेर, हातांत वही असतांना, तो विसरलों.

पुढचा भाग आम्हीं निराळ्या रीतीनें पाहिला. थोरल्यास हेर नेमलें: त्यानें पुढें धांवत जावें आणि सांवलींतली बसण्याची जागा शोधून यावी, देखावे नंतर. हें काम त्याला इमॅजिकाच्या पाळण्यांइतकें आवडलें. पहिल्यांदा त्यानें एक बुटका दगड पसंत केला. दादा त्यावर बसले खरे, पण उठवावयास दोघे लागले. तेव्हां त्यास नियम सांगितला कीं, बैठक गुडघ्याइतकी उंच हवी, आणि उठतांना हाताशीं भिंत किंवा झाड हवें. जमीन कितीही थंडगार असो, गुडघे गेलेल्या माणसाला ती विसावा नव्हे. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून भिंतीच्या उत्तर अंगास पाहा, हेंही सांगितलें. त्यानें तें पडताळून पाहिलें आणि आम्हीं भूगोल शिकवीत होतों यावर त्याचा प्रथमच विश्वास बसला.

आमच्या घरांतून तर एक युक्तीच काढली. दर थोड्या वेळानें त्यांच्या चपलेचा अंगठा सैल होऊं लागला. "आत्या, जरा बसूं या का? ही चपल बघतें." चौथ्या खेपेस आत्या म्हणाली, "अगं, चपल बदल तरी, नाहींतर माझे पाय दुखतात असं सरळ म्हण!" आणि दोघी हंसत बसून राहिल्या. अर्धें गांव पाहावयाचें राहिलें. जें पाहिलें तें मात्र आत्यानें आणि दादांनीं बसल्या जागेवरून मुलांस असें कांहीं सांगितलें कीं, मुलें उठेनात.

वहीप्रमाणें चारला जेथें असावयाचें, तेथें आम्ही सहाला पोहोंचलों. मोटार देवळाच्या दारापर्यंत जात नाहीं. पुढें पायीं जावयाचें, आणि मग रांग. आत्यानें दार उघडलें, एक पाय खालीं ठेवला, क्षणभर तशीच राहिली आणि पाय पुन्हां आंत घेतला. पुतण्या खुर्ची मिळते का पाहावयास निघाला होता. तिनें त्याला थांबविलें. "तुम्ही जाऊन या. माझी ओटी तेवढी घाला." आमच्या घरांतून ओटी घेऊन गेल्या. आम्ही गेलों नाहीं. दिवे लागले होते. बसल्या जागेवरूनच देवळाच्या दिशेस तिनें हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली. आम्हांस कांहीं बोलावें असें वाटत होतें, पण शब्द सुचेना. शेवटीं तीच म्हणाली, "पुढच्या खेपेस आधीं देवी. मग तुझे पुतळे."

परततांना सारीं झोंपलीं होतीं. किणी मागें पडलें, पेठ नाकाही मागें पडला. काळोखांत मागच्या बाजूनें आत्याचा आवाज आला, "अरे, जरा गाडी थांबव. मला उतरायचंय." जन्मांत तिनें आम्हांस असें प्रथमच सांगितलें. पुढें एक उजेडाची खानावळ दिसत होती. चालकानें मोटार तिच्या दाराशींच नेऊन उभी केली.