न लावलेला चुना

पावसाळा सुरू झाला कीं ज्या थोड्या मोहांपुढें माझी प्रोफेसरी प्रतिष्ठा टिकत नाहीं, त्यांत भाजलेल्या मक्याच्या कणसाचा क्रमांक बराच वरचा आहे. सिंहगडावरचें धुकें, शेगडींतून उडणाऱ्या ठिणग्या, तिखटमिठांत बुडविलेली लिंबाची फोड आणि ओठांना बसणारा तो चटका! तेव्हां दोन वर्षांपूर्वीं ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील आयोवा राज्यांत मुलीकडे गेलों असतां, रस्त्याच्या दोहों बाजूंस क्षितिजापर्यंत पसरलेलीं मक्याचीं शेतें पाहून मला काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांना सहज येईल. तासभर मोटार धांवत होती आणि तासभर मका संपत नव्हता. अखेर न राहवून मीं जांवईबुवांना म्हटलें, "जरा थांबूं या का? एखाद्या शेतकऱ्याकडून चार कणसें विकत घेऊं."

ते क्षणभर घोटाळले. मग म्हणाले, "बाबा, हा मका माणसांनीं खायचा नव्हे."

"मग कोणीं खायचा?"

"डुकरांनीं, गाईंनीं आणि मोटारींनीं."

मला ती थट्टा वाटली. पण ती अक्षरशः खरी होती. अमेरिकेंत दरवर्षीं सुमारें ९ कोटि एकर जमिनीवर मका पेरला जातो. त्यांतला एकतृतीयांशाहून अधिक भाग जनावरांच्या खुराकांत जातो, आणि जवळजवळ तितकाच मोटारींच्या इंधनासाठीं लागणाऱ्या इथेनॉलांत. आपण कणीस म्हणून चावून खातों तो गोड मका या अफाट पसाऱ्यांत शेंकडा एकहि नाहीं. अन्नाच्या समुद्रांत मी उभा होतों आणि तोंडांत टाकायला एक दाणा नव्हता.

त्या रात्रीं मुलीनें स्वयंपाकघरांतलें कपाट उघडून मला दुसरा धडा दिला. शीतपेयाची बाटली, टोमॅटोचा सॉस, न्याहारीचें डबाबंद खाद्य, एकेक वस्तु ती माझ्यापुढें मांडूं लागली. प्रत्येकीवरच्या बारीक अक्षरांत मका कोणत्या ना कोणत्या वेषांत दडून बसलेला होता: कोठें स्टार्च म्हणून, कोठें तेल म्हणून, तर कोठें गोड पाक म्हणून. मक्याच्या स्टार्चवर एन्झाइमांची क्रिया करून हा पाक काढतात. तो साखरेहून स्वस्त पडूं लागला, आणि १९८४ सालीं तेथील दोन सर्वांत मोठ्या शीतपेय कंपन्यांनीं साखर सोडून त्याचाच पूर्णपणें अंगीकार केला.

येथवर मी परक्या देशाच्या गमती ऐकणाऱ्या प्रवाशाप्रमाणें ऐकत होतों. पण मुलीनें नंतर माझीच पेटी उघडली आणि तींतून मीं पुण्याहून बरोबर नेलेलें बिस्किटांचें पुडकें बाहेर काढलें.

मला मधुमेह जडून त्या वेळीं चार वर्षें झालीं होतीं. चहांतली साखर मीं एका दिवसांत सोडली होती, आणि या त्यागाचें वर्णन निदान दोनशें वेळां तरी केलें असेल. त्याच चहाबरोबर मी 'पौष्टिक' म्हणून रोज चार बिस्किटें खात असें. त्या पुडक्यावर साखर होती, द्रवरूप ग्लुकोज होता आणि माल्टोडेक्स्ट्रिन नांवाचा आणखी एक गृहस्थ होता. "हा बहुधा मक्याचाच अवतार, बाबा," मुलगी म्हणाली, "आणि रक्तांत हा साखरेइतकाच झटकन पोंचतो. डोळ्याच्या पडद्यांत फरक दिसूं लागला आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें ना तुम्हांला?" तिच्या आवाजांत थट्टा नव्हती. मी मान खालीं घालून बसलों. 'मूळ ग्रंथ वाचा, मार्गदर्शिकांवर विसंबूं नका,' असें तीस वर्षें विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या या माणसानें स्वतःच्या पुडक्याचा मूळ मजकूर एकदांहि वाचला नव्हता!

माणसाला स्वतःचा राग आला कीं तो प्रथम दुसऱ्यावर काढतो. मीं तो मक्यावर काढला. पुण्यास परतल्यावर ग्रंथालयांत बसून मीं त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करूं लागलों, तों माझा आरोपीच हळूहळू निर्दोष ठरूं लागला.

सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं मेक्सिकोंतील लोकांनीं एका रानगवतापासून हें धान्य घडविलें. तेथील बायका मका नुसता दळीत नाहींत. तो चुन्याच्या पाण्यांत शिजवून, भिजत ठेवून, मग वाटतात आणि त्याच्या पोळ्या भाजतात. मक्यांत नायसिन नांवाचें जीवनसत्त्व असतें, पण तें असें जखडलेलें असतें कीं शरीराला त्याचा लाभ होत नाहीं. चुना तें मोकळें करतो. १४९२ नंतर स्पॅनिश लोकांनीं दाणे युरोपांत नेले. चुना मात्र बायकांची एक रीत समजून मागें ठेवला. पुढें १७३५ सालीं स्पेनमधील गास्पार कासाल नांवाच्या वैद्यानें मक्यावर जगणाऱ्या गरिबांत एक विलक्षण रोग पाहिला. कातडी काळवंडून खरखरीत होई, पोट बिघडे आणि शेवटीं बुद्धीला भ्रंश होई. इटलींत त्याला पेलाग्रा हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं याच रोगानें अमेरिकेच्या दक्षिण भागांत थैमान घातलें. हा सांसर्गिक रोग आहे अशी पुष्कळांची खात्री होती. १९१४ सालीं सरकारनें तपासासाठीं पाठविलेल्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं मात्र तो निकृष्ट आहारामुळें होतो असें ओळखलें, आणि लोकांची समजूत पटावी म्हणून १९१६ सालीं रोग्यांचें रक्त स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतलें. त्यांना कांहीं झालें नाहीं. उणीव नायसिनाची होती हें १९३७ सालीं उघड झालें. तें पाहावयास गोल्डबर्गर जिवंत नव्हते.

मराठींत चुना लावणें म्हणजे फसविणें. येथें चुना लावला नाहीं म्हणून लाखों माणसें फसलीं!

हें वाचून माझ्यांतला ज्वारीची भाकरी खाणारा क्षणभर ताठ झाला. पण १९६० च्या सुमारास हैदराबादचे आहारशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनीं दाखवून दिलें होतें कीं, दख्खनांत प्रायः ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांनाहि हाच रोग होत असे. तेव्हां भाकरीचा मोठेपणा एकट्या भाकरीचा नव्हे. तिच्याशेजारीं पानांत पडणाऱ्या डाळीचा आणि ताकाचाहि तो आहे. त्या गोड पाकालाहि न्याय दिला पाहिजे. त्याची घडण आपल्या साखरेहून फारशी निराळी नाहीं, आणि शरीराला दोन्ही जवळजवळ सारखींच. अपाय आहे तो स्वस्ताईचा आणि लपून येण्याचा.

मला वाटतें, धान्य सहज प्रवास करतें. त्याच्या मागचें शहाणपण मात्र घरींच राहतें. पूर्वीं आपण मका घेतला आणि चुना टाकला. आतां त्याचा कोंडा टाकला, अंकुर वेगळा काढला, आणि शेवटीं नांवहि टाकलें. पूर्वींच्या चुकीचें फळ कातडीवर दिसे. आतांच्या चुकीचें रक्तांत आणि डोळ्यांत मुरतें, इतकाच काय तो फरक.

यंदाहि आम्ही सिंहगडावर गेलों. शेगडीपुढें मी थांबलों तेव्हां पत्नीनें विचारलें, "अहो, कणीस चालतें का तुम्हांला?" "अर्धें चालतें," मीं म्हटलें, आणि अर्धें तिच्या हातांत दिलें. तें अर्धें कणीस चावायला मला चांगलीं दहा मिनिटें लागलीं. साखर त्यानेंहि वाढत असेल. पण निदान मी मका खात आहें हें मला ठाऊक होतें. बिस्किटांचें म्हणाल, तर वाण्याच्या दुकानांत आतां मी प्रत्येक पुडकें उलटें करून, चष्मा कपाळावर सारून वाचीत उभा राहतों. मागचीं गिऱ्हाइकें खोळंबतात, वाणी कुरकुरतो. पण अक्षरें अजून दिसत आहेत तोंवर तीं वाचून घ्यावींत, असें मीं ठरविलें आहे.