निसटलेली टकळी

दिजाँ हे बर्गंडी प्रांताचे मुख्य नगर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या नगरातल्या ज्या गल्ल्यांत द्राक्षमळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांची वस्ती होती, तिथे हिवाळा तोंडावर आला की एक साधीसुधी वास्तू उभी राही. लांब काठ्या वर्तुळात जमिनीत रोवायच्या, त्यांची टोके वर वाकवून एकत्र बांधायची, आणि साऱ्या सांगाड्यावर माती-शेणाची ढेकळे अशी घट्ट थापायची की पावसाचा थेंबही आत झिरपू नये. एवढ्यावर ती सिद्ध होई. तिला ‘एस्क्रेन्य’ म्हणत. घरोघरी वेगळी शेकोटी आणि वेगळा दिवा ज्यांना परवडत नसे अशा बायका आणि त्यांच्या लेकीसुना रात्रीचे जेवण उरकून तिथे जमत आणि मध्यरात्रीपर्यंत वाखाचे सूत कातीत बसत. दिजाँच्या अदालतीत राजाचा वकील असलेल्या एतिएन ताबुरो याला या बैठकींचे एवढे अप्रूप वाटले की त्यांत चालणाऱ्या गोष्टींचा त्याने एक स्वतंत्र संग्रहच केला. मुली जिथे जमत तिथे मुलगेही येत, हे सांगावयास नकोच. त्या काळच्या वर्णनांत या कातणाऱ्या बैठकींतला एक रिवाज येतो, आणि तो वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही: कातता कातता मुलीच्या हातून टकळी निसटली, तर ती उचलून देणाऱ्या तरुणाला एका चुंबनाचा हक्क पोचे.

टकळी आपोआप निसटली की निसटू दिली, हे त्या मुलीवाचून कोणाला कळणार? शेजारी आई बसलेली, समोर गावातल्या जाणत्या बाया, मधोमध मिणमिणता दिवा. आणि या सर्वांच्या देखत, कामात खंड पडू न देता, एक शब्दही न उच्चारता ती मुलगी आपली निवड जाहीर करू शके. ज्या समाजात विवाह हा पित्याचा, धर्मगुरूचा, दस्तऐवजाचा आणि अखेरीस राजाचाही विषय झाला होता, त्या समाजात तारुण्याच्या स्वतःच्या मालकीची जहागीर होती ती एवढीच, हातून निसटणाऱ्या क्षणांची.

आणि हे तारुण्य अल्पायुषी नव्हते. त्या काळी मुलींना बालपणीच उजवून टाकीत असतील अशी आपली सहज समजूत होते. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतल्या फ्रेंच खेड्यांतली मुलगी पंचविशीच्या आसपास आणि मुलगा सत्ताविशी-अठ्ठाविशीत लग्नाला उभा राही. कारण सरळ होते. उत्तरेकडच्या बऱ्याच मुलखात लग्न म्हणजे नवे बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड म्हणजे थोडी जमीन वा हाताशी कसब, एक पलंग, एक पेटी, काही चादरी आणि भांडी. ज्या मुलीचा बाप हे देऊ शकत नसे, ती बाराव्या-चौदाव्या वर्षी परक्या घरी चाकरीला लागे आणि दहा-बारा वर्षे पै-पै साठवून स्वतःचे स्त्रीधन स्वतःच उभे करी. देह वयात आला आहे आणि संसार अद्याप एक तप दूर आहे, अशा त्या प्रदीर्घ संधिप्रकाशात ही माणसे वाढत होती. खेड्यांत अनौरस मुलांचे प्रमाण तरीही शेकड्यात एकाच्या आसपासच राही, ही गोष्ट वाचली म्हणजे त्यांच्या संयमाचा अचंबा वाटतो, आणि त्या संयमाला वाट करून देणाऱ्या चालीरीतींविषयी मनात आदर उत्पन्न होतो.

त्या रीतींतली सर्वांत सुंदर रीत एप्रिल सरून मे लागण्याच्या रात्रीची. गावातले अविवाहित तरुण रानातून डहाळ्या तोडून आणीत आणि अंधारातच मुलींच्या दारांवर खोचून ठेवीत. पहाट होताच प्रत्येक दार वाचता येई. ज्या झाडाला फ्रेंचमध्ये ‘शार्म’ म्हणतात त्याची डहाळी लागली असेल तर ती मुलगी मोहक ठरे, कारण मोहिनीलाही त्या भाषेत तोच शब्द आहे. पांढऱ्या फुलांच्या काटेरी ओबेपीनची डहाळी पुष्कळ ठिकाणी सन्मानाची मानीत. आणि उग्र वासाच्या ‘स्युरो’ची डहाळी म्हणजे अवघ्या गावासमोर केलेली मानखंडना. १६८६ ते १६९० या वर्षांत विवाहाच्या नोंदीखाली स्वतःची सही करू शकणारे वर शेकडा २९ आणि वधू अवघ्या १४ होत्या. ज्यांना प्रेमपत्र लिहिता येत नव्हते आणि आलेले वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी अख्खे रान हीच एक बाराखडी होती.

वरच्या वर्गाला अक्षरे अवगत होती, वेळही मुबलक होता. म्हणून तिथे त्याच फुलांचे ग्रंथ झाले. पॅरिसच्या रांबुइये वाड्यातल्या ज्युली दांजेन हिच्यासाठी मोंतोझिए या उमरावाने १६४१ साली एक हस्तलिखित सिद्ध करविले, ज्यात एकेका फुलाच्या तोंडी तिची स्तुती घातली होती, चित्रे निकोला रोबेरची होती आणि सुलेखन निकोला झारीचे. तिचा होकार मिळून विवाह झाला तो १६४५ साली, तिच्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी. पुढे १६५४ मध्ये मादलेन द स्क्युदेरी हिच्या कादंबरीत तर अनुरागाच्या मुलखाचा नकाशाच छापला गेला, आणि त्यात औदासीन्याचे सरोवरही रेखाटलेले होते. दारावरची डहाळी आणि हे सुवर्णाक्षरी पुस्तक यांत अंतर केवळ ऐपतीचे आहे.

परंतु या सुकुमार व्यवहारावर पित्याची आणि राजाची करडी नजर होती. मोंमोरांसी घराण्याच्या ज्येष्ठ पुत्राने, फ्रांस्वाने, दरबारातल्या झान द हालुइन हिला गुप्तपणे विवाहाचे वचन दिले. त्याच्या पित्याला मात्र सून हवी होती ती राजा दुसरा आंरी याची अनौरस कन्या दियान. मग राजाचे फर्मान निघाले की तीस वर्षांखालील मुलगा आणि पंचवीस वर्षांखालील मुलगी मातापित्यांच्या अनुमतीविना विवाह करील तर त्यांना वारसाहक्कास मुकावे लागेल. झानची रवानगी मठात झाली. १५५७ साली फ्रांस्वाचे दियानशी लग्न लागले. एका मुलीला दिलेला शब्द मोडावा म्हणून निघालेला हुकूम पुढे दोन शतके फ्रान्समधल्या घरोघरीच्या मुलांना लागू राहिला. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने पित्याच्या अनुमतीवाचूनचा विवाह धर्मतः रद्द ठरविण्याचे नाकारले, तरीही ब्ल्वा येथील १५७९ च्या राजाज्ञेने बंधने अधिकच आवळली. आणि हा धाक केवळ कागदावरचा नव्हता. रेतीफ द ला ब्रेतॉन याने आपल्या शेतकरी पित्याचे जे चरित्र लिहिले, त्यात पॅरिसमध्ये एका मुलीवर जीव जडलेला तो तरुण बापाचे बोलावणे येताच गावी परततो आणि बापाने पाहून ठेवलेल्या मुलीशी मुकाट्याने लग्न करतो. मुलगा ते आज्ञापालन गौरवाने सांगतो. मला मात्र ते पान उलटताना दर वेळी पॅरिसमध्ये वाट पाहत राहिलेली ती मुलगी दिसते.

शांपाञ्य प्रांतातल्या त्र्वा नगरीत बिशपची अदालत होती. तिच्या पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या दफ्तरात वचनभंगाच्या फिर्यादी आहेत, आणि त्या जबान्यांतून त्या तरुणांच्या जगाची दारे आपल्यासाठी उघडतात. एकाच पेल्यातून दोघांनी घेतलेला द्राक्षरसाचा घोट, हातावर ठेवलेले एखादे नाणे, एखादे फळ, कमरेचा एखादा पट्टा; देणाऱ्याने ते ‘विवाहाच्या नावाने’ दिले आणि घेणारीने ते त्याच नावाने घेतले, की कौल झाला. पुढे शब्द फिरला म्हणजे त्याच फळाची आणि त्याच घोटाची कैफियत कारकुनापुढे मांडावी लागे. अविवाहित गर्भवतींनी अधिकाऱ्यापुढे आपली स्थिती जाहीर केलीच पाहिजे असा जो आणखी एक हुकूम त्याच आंरीने काढला, त्यापायी किती चाकरमान्या मुलींना लग्नाच्या कोणत्या वचनावर आपण भुललो हे परक्या पुरुषापुढे सांगावे लागले असेल! अपमानाच्या त्या घटकेत उच्चारलेले त्यांचे शब्द आज इतिहासकाराची ठेव होऊन बसले आहेत.

येथे मन थबकते. ज्यांचा शब्द मोडला त्यांचाच आवाज शतके ओलांडून आपल्यापर्यंत पोचला आहे. ज्यांचा शब्द पाळला गेला त्यांनी कोणत्याही दफ्तरात तक्रार नोंदविली नाही. पाद्रीच्या वहीत त्यांची नावे आहेत, तारीख आहे, साक्षीदार आहेत, आणि सही येत नाही म्हणून ओढलेल्या दोन वेड्यावाकड्या फुल्या आहेत. त्या फुल्या मारणारा एक हात कदाचित तोच असेल, ज्याने एका हिवाळ्यात मातीच्या खोपीत, आईच्या डोळ्यांदेखत, सूत हळूच सैल सोडले होते. आणि दुसरा तो, जो टकळी जमिनीला टेकते न टेकते तोच पुढे झाला होता.