खाली उतरून पाहिलं का?

मुलगी बुखारेस्टमध्ये नोकरीला लागली आणि दोन वर्षांनी मला तिकडे जायचा योग आला. तिने फोनवर विचारलं, "आई, काय काय बघायचंय?" मी म्हटलं, "एक पूल." ती हसली. तिच्या लहानपणी आमची प्रत्येक सहल कुठल्यातरी पुलाशी थांबायची. बाप-लेक वर भेळ खायचे आणि मी खाली नदीत उतरून खांब बघत बसायचे. ही सवय मला का लागली, ते तिला कधी सांगितलं नव्हतं.

बुखारेस्टहून काळ्या समुद्रावरच्या कोन्स्तान्त्सा बंदराकडे जाणारी गाडी सव्वादोनशे किलोमीटर धावते. बराच वेळ नुसती सपाट शेती. मग फेतेश्त स्टेशन जातं आणि डॅन्यूबची बोर्चा नावाची शाखा लागते. पुढे पाणथळ जमीन, आणि मग चेर्नावोदाला खुद्द डॅन्यूब. गाडी आता १९८७ साली बांधलेल्या नव्या पुलावरून जाते. जुना पूल शेजारीच उभा आहे. मी खिडकीला नाक लावून त्याच्या पोलादी कमानी मोजल्या. मधला गाळा १९० मीटरचा, बाजूचे चार १४० मीटरचे. एकूण ७५० मीटर, आणि तेही पाण्यापासून ३० मीटर उंचीवर, खालून जहाजं जावीत म्हणून. बोर्चावरचा पूल आणि पाणथळीतले पूल धरले तर सगळी लांबी चार किलोमीटरच्या वर जाते. १८९५ साली उघडला तेव्हा युरोपात याच्याइतका लांब पूल नव्हता.

हा पूल आंगेल सालिन्यी यांचा. कॉलेजात असताना एका जुन्या पुस्तकात त्यांचं नाव दोन ओळींपुरतं आलं होतं. निवृत्तीनंतर, मुलगी त्याच देशात गेली म्हणून, मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

जन्म १८५४ चा. वडील फ्रान्समधून आलेले शिक्षक. स्वतः सालिन्यी बर्लिनला शिकले आणि परत येऊन रेल्वेत लागले. १८८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ब्राइला आणि गालात्स या डॅन्यूबवरच्या बंदरांत धान्याची प्रचंड कोठारं बांधली. षटकोनी कप्पे, मधाच्या पोळ्यासारखे, आणि भिंतींच्या लाद्या जमिनीवर ओतून मग वर चढवलेल्या. सळई घातलेलं काँक्रीट तेव्हा जगातच नवं होतं. आपल्याकडे अशा 'प्रीकास्ट' कामाचं कौतुक मी नोकरीच्या मध्यावर ऐकलं. त्यांनी ते शंभर वर्षं आधी केलं होतं.

पुलाची गरज राजकारणातून आली. १८७८ च्या बर्लिन करारात रोमानियाला दोब्रोजाचा समुद्रकिनारा मिळाला, पण मध्ये डॅन्यूब आणि मैलोन् मैल दलदल. हिवाळ्यात नदी गोठली की किनारा तुटायचा. चेर्नावोदापासून समुद्रापर्यंतची रेल्वे एका इंग्रज कंपनीने तुर्की अमलातच टाकलेली होती. ती सरकारने विकत घेतली. पूल मात्र जमेना. १८८३ आणि १८८६ अशा दोन आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. बड्या युरोपीय कंपन्यांनी आराखडे पाठवले, एकही पसंत पडला नाही. शेवटी काम घरच्या इंजिनिअरकडे आलं. १८९० मध्ये पायाभरणी झाली तेव्हा सालिन्यी छत्तीस वर्षांचे होते. त्यांनी पुलासाठी तेव्हा रुळलेलं घडीव लोखंड सोडून मऊ पोलाद घेतलं. चुकलं असतं तर देशाच्या तिजोरीपासून राजाच्या नावापर्यंत सगळं पाण्यात गेलं असतं. पुलाला नाव राजा कारोलचंच दिलं होतं.

उद्घाटन आजच्या पंचांगाप्रमाणे २६ सप्टेंबर १८९५ ला झालं. चाचणीसाठी पंधरा इंजिनांची रांग पुलावरून पळवली. आणि इथे ती गोष्ट येते जी रोमानियात शाळेतल्या मुलालाही माहीत असते. सांगतात, की ती इंजिनं वरून धडधडत जात असताना सालिन्यी आपल्या माणसांसह खाली, होडीत, पुलाच्या बरोब्बर मधोमध उभे होते.

खरं-खोटं मला माहीत नाही. इंजिनिअर म्हणून सांगायचं तर याचा उपयोग शून्य. पूल पडणार असेल तर खालच्या माणसाकडे बघून तो थांबत नाही. तरी ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, आणि मला १९८६ चा जून आठवला.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता. आमच्या उपविभागात एकटी बाई. पावसाळ्यापूर्वी पुलांची पाहणी करून अहवाल द्यायचा असतो. त्या वर्षी उशीर झाला आणि पाहणीच्या दिवशीच पाऊस आला. एका ओढ्यावरच्या छोट्या पुलाशी जीप थांबली. मी दार उघडलं तर साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही कुठे चिखलात उतरताय? साडी भरेल. गेल्या वर्षीसारखंच आहे सगळं. लिहा." मी लिहिलं. 'पाया : ठीक. धूप : नाही.' जीपमध्ये, मांडीवर पॅड ठेवून. खाली सही केली.

दुसऱ्या वर्षीही मागचं बघून तेच उतरवलं. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एका गुराख्याच्या पोराने आमच्या मैलकुलीला सांगितलं, की खांबाच्या खाली एवढं भगदाड पडलंय, वासरू बसेल आत. मैलकुलीने गावकऱ्यांना घेऊन रस्त्यावर दगड रचले, एसटी थांबवली आणि सायकल मारत आमच्याकडे आला. पूल बंद केला, पुढे पाडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली नाही, कुणी माझा अहवाल मागितला नाही. फक्त तो मैलकुली, माझ्या वडिलांच्या वयाचा, जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही खाली उतरून पाहिलं होतं का?" त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, की ते भगदाड तेव्हा होतं की नव्हतं.

मी त्याला "हो" म्हणाले.

त्यानंतर मी प्रत्येक पुलाखाली गेले. पुलाखाली उभं राहायचं ते मरायला नाही, बघायला. वरून दिसतो तो डांबराचा रस्ता आणि कठडा. बेअरिंग, भेगा, उघडा पडलेला पाया हे सगळं खालून दिसतं. सालिन्यींची होडी मी अशीच समजून घेतली आहे.

पण माणूस कायम खाली राहू शकत नाही. त्याला वर घेतात. सालिन्यींना पुढे कोन्स्तान्त्साचं बंदर मिळालं, ते १९०९ मध्ये सुरू झालं. १९०७ ते १९१० ते रोमानियन अकादमीचे अध्यक्ष होते. आणि १९१८ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, ते सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले.

आपल्याकडे हे वाचलं की विश्वेश्वरय्या आठवणारच. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांचा कर्ता, पुढे म्हैसूरचा दिवाण. आम्ही दर १५ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांची दिवाणगिरी १९१२ ते १९१८, आणि त्या सहा वर्षांत किती काय उभं राहिलं. सालिन्यींचं मंत्रिपद ज्या वर्षी सुरू झालं त्याच वर्षी ती संपली. सालिन्यींना एक वर्षसुद्धा पुरं मिळालं नाही. चरित्रांत त्या मंत्रिपदाला एक वाक्य असतं, पुलाला पानंच्या पानं. मला आधी वाटायचं, कशाला गेले? पूल होता, बंदर होतं, नाव होतं. घरी बसायचं.

मग त्या वर्षाकडे नीट पाहिलं. १९१६ मध्ये रोमानिया महायुद्धात उतरला आणि काही महिन्यांत राजधानीसकट देशाचा मोठा भाग शत्रूच्या हाती गेला. माघार घेताना स्वतःच्याच सैन्याने डॅन्यूबवरच्या त्या पुलाचा काही भाग उडवला. तेलाच्या विहिरी जर्मनांना मिळू नयेत म्हणून जाळल्या गेल्या. १९१८ च्या शेवटी युद्ध थांबलं तेव्हा देश जिंकलेल्यांत होता आणि त्याचा आकार जवळपास दुप्पट होत होता, पण जोडायचं कशाने? ट्रान्सिल्व्हेनियातल्या रेल्वेची तोंडं बुडापेस्टकडे, बेसराबियातली रेल्वे रशियन रुंद मापाची, आणि मधला मुलूख लुटलेला. त्या खात्यात उद्घाटनाची फीत कापायला मिळेल असं एकही काम नव्हतं.

आणखी एक गोष्ट. आधीचं सरकार काही आठवड्यांत गेलं आणि पंतप्रधान झाले योन ब्रातियानु. हे ब्रातियानु मुळात इंजिनिअर. तरुणपणी रेल्वेत असताना त्यांनी सालिन्यींना याच डॅन्यूबच्या पुलाच्या आराखड्यांत मदत केली होती. म्हणजे कधीकाळचा हाताखालचा माणूस आता साहेब, आणि म्हातारा साहेब त्याच्या मंत्रिमंडळात. सरकारी नोकरीत मी असे प्रसंग पाहिलेत. लोक रजेवर जातात, बदली मागतात. सालिन्यी गेले, काम घेतलं, आणि सप्टेंबर १९१९ मध्ये ब्रातियानु पायउतार झाले तेव्हा तेही घरी आले. १९२५ मध्ये वारले.

मंत्र्याच्या खुर्चीखाली उभं राहून काही दिसत नाही, ही त्या खुर्चीची अडचण. मलाही शेवटची काही वर्षं छोटी खुर्ची मिळाली. मी एकच गोष्ट केली. आदेश काढला, की पुलाच्या पाहणी अहवालाला गाळ्याखाली उभं राहून काढलेला पाहणी करणाऱ्याचा फोटो जोडल्याशिवाय अहवाल स्वीकारला जाणार नाही. खूप कुरकुर झाली. "मॅडमना फोटोंचा षौक आहे," असंही कानावर आलं. आठ महिने तो पाळला गेला. मी निवृत्त झाले, आणि पुढच्या पावसाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं, की आता तसं काही मागत नाहीत. आठ महिन्यांत दोन पूल दुरुस्तीला घेतले गेले, एवढी माझी कारकीर्द.

चेर्नावोदाला आम्ही उतरलो. पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दोन प्रचंड ब्राँझच्या शिपायांचे फोटो मुलीने काढले. मी काठाकाठाने खाली गेले, जिथून जुन्या पुलाचं पोट दिसतं. रिव्हेटच्या ओळी, गंजाचे ओघळ, आणि मागे पाण्याचा संथ तपकिरी पट्टा. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, इतकं काय बघतेस खाली येऊन?"

मग मी तिला त्या ओढ्यावरच्या पुलाची गोष्ट सांगितली. मैलकुलीला काय उत्तर दिलं, तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेजारच्या नव्या पुलावरून एक गाडी गेली आणि जुना पूल तसाच उभा राहिला.