मांजराचा डोळा आणि उरलेले थेंब

रोह्याजवळच्या निडीसारख्या गावात मांजराचा डोळा चिकटला, की माणसासाठी कधीतरी आणलेली, अर्धी उरलेली थेंबांची बाटली शोधली जाते. हातात पैसा नसताना हे साहजिकच, पण मोठं नुकसान तिथेच होतं. अशा कित्येक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. मांजराचे डोळे येतात ते बरेचदा हर्पिसच्या विषाणूने किंवा क्लॅमिडियाने. हर्पिसमुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होऊ शकते, आणि तिच्यावर स्टेरॉइड पडलं तर ती चिघळून डोळाच जाऊ शकतो. म्हणून थोडे पैसे असतील तर ते आधी तपासणीला द्यावेत. डोळ्यात फ्लुरोसिनचा रंग घातला, की जखम हिरवी चमकते. नुसत्या नजरेला ती चुकू शकते.

कुणी म्हणेल, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींचा, तिथे मांजर कोण नेणार? दुखणं दूध देणाऱ्या जनावरालाच होतं असं थोडंच आहे! रोह्यापर्यंतचं भाडं आणि बुडणारी मजुरी हा आक्षेप मात्र खरा. डोळा उघडा, स्वच्छ असेल, पाणी पातळ येत असेल, तर एखादा दिवस थांबता येतं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसावं, दर वेळी नवा बोळा घ्यावा. पण डोळा मिटलेला असेल किंवा बुबुळ दुधाळ दिसलं, तर त्याच दिवशी निघावं. डोळ्यांबरोबर नाकही चोंदलं असेल, तर मांजर वास येत नाही म्हणून जेवत नाही. त्याला बिनमिठाच्या उकडलेल्या मांदेलीचं कोमट पाणी द्यावं.