नऊशे नव्याण्णव वर्षांची आसने

लंडनमधील केन्सिंग्टन गार्डन्सच्या दक्षिणेस, रस्ता ओलांडताच, लाल विटांची एक भव्य लंबगोल वास्तू दिसते. माथ्यावर लोखंड व काच यांचा घुमट आणि भिंतींभोवती कला व शास्त्रे यांची चित्रमाला. हेच सुप्रसिद्ध रॉयल अल्बर्ट हॉल. पाच हजारांहून अधिक श्रोते सामावणाऱ्या या सभागृहात जगातील थोर कलावंतांनी हजेरी लावली आहे. व्यापारी कुटुंबातील प्रवाशाने मात्र संगीताआधी या वास्तूचा हिशेब जाणून घ्यावा.

१८५१ च्या महाप्रदर्शनानंतर राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी या परिसरात कला व विज्ञानाचे केंद्र उभारण्याचा संकल्प केला. १८६१ मध्ये त्यांचे निधन झाले. लोकांनी दिलेला निधी समोरच्या उद्यानातील स्मारकातच खर्ची पडला आणि सभागृहासाठी पैसा उरला नाही. तेव्हा हेन्री कोल यांनी तोड काढली. सभागृह उभे राहण्यापूर्वीच त्यातील आसने विकावयाची. दर आसनास १०० पौंड आणि त्यावरील हक्क ९९९ वर्षांचा! केवळ विश्वासावर लोकांनी हजाराहून अधिक आसने घेतली. १८६७ मध्ये कोनशिला बसली.

२९ मार्च १८७१ रोजी उद्घाटन झाले. पतीच्या आठवणीने राणीला बोलवेना, म्हणून युवराजांनी सभागृह खुले झाल्याची घोषणा केली. त्याच समारंभात मोठा दोषही उघड झाला. घुमटावर आदळून प्रत्येक शब्द पुन्हा ऐकू येत होता. हा प्रतिध्वनी पुढे जवळजवळ शंभर वर्षे गायक-वादकांना छळत राहिला. अखेर १९६९ मध्ये छताखाली अळंबीच्या आकाराच्या मोठ्या तबकड्या टांगल्या गेल्या आणि नाद स्पष्ट झाला. १९७४ मध्ये लता मंगेशकर यांचा स्वर येथे घुमला. त्यांचा परिचय करून देण्यास दिलीपकुमार उभे राहिले होते.

आजही सुमारे पाव हिस्सा आसने खाजगी मालकीची आहेत. ती वारसाने मिळतात, विकलीही जातात. मालक वास्तूच्या देखभालीसाठी वार्षिक वर्गणी देतात. परंतु संस्था धर्मादाय असताना काही मालक आपली तिकिटे चढ्या भावाने विकतात, यावरून मोठा वाद आहे. तो ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचला. पूर्वजांनी लोकहितासाठी दिलेल्या शंभर पौंडांवर वंशजांनी किती नफा घ्यावा, हा प्रश्न कोणत्याही विश्वस्ताला परका वाटू नये.

त्याच छताखाली दुसरी रीतही नांदते. क्वीन्स हॉल हे जुने सभागृह १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाले आणि तेथील 'प्रॉम्स' हा उन्हाळी संगीतोत्सव येथे आला. त्या आठवड्यांत मध्यभागी खुर्च्या नसतात. अल्प दराचे तिकीट काढून, रांगेत तिष्ठून आलेले शेकडो रसिक तेथे उभे राहून ऐकतात. व्यासपीठाच्या सर्वांत जवळ तेच असतात. ही जागा कोणाच्या दस्तऐवजात नाही. जो वेळेवर येईल त्याला ती एका रात्रीपुरती मिळते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग लागते.